बालपणीचे शल्य

आमच्या मातोश्रींना 2013 साली देवाज्ञा झाली. वय 82 वर्षांचे, भोवती लेकी-सुना, नातवंडे-पतवंडे. तेव्हा फार शोक करावा असे काही नव्हते. दिवसकार्य आटोपल्यावर घरातील सर्व मंडळींसमक्ष त्यांची पत्र्याची पेटी उघडण्यात आली. आत दोन नऊवारी लुगडी, एक जीर्ण पोथी, आमच्या वडिलांचा चष्मा, आणि अगदी तळाशी पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी निघाली. सोन्याचा एखादा मणी असेल अशा समजुतीने आमच्या धाकट्या भावजयीने ती सोडली. तो आत गुळाचा खडा, मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे! गूळ अगदी ताजा होता.

ज्या घरात धान्याच्या कोठ्या कधी रित्या पडल्या नाहीत, त्या घरातील सर्वांत वडील स्त्री आपल्या पेटीत खाऊ लपवून ठेवीत होती, आणि तो जुना झाला की बदलीतही होती. मंडळी हसली. त्या हसण्यात द्वेष नव्हता. म्हातारपणी माणूस मूल होते, असे कोणीतरी म्हणालेही. आम्हांस मात्र हसू येईना. कारण त्या पेटीची हकीकत आम्हांस थोडीबहुत ठाऊक होती.

मातोश्रींचा जन्म धुळ्याचा, 1931 सालचा. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांची आई विषमज्वराने गेली आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. चुलत्यांनी त्यांना आपल्या वाड्यात ठेवून घेतले. वाड्यात दोन्ही वेळा पंचवीस माणसांची पंगत. चुलते सज्जन होते. पुतणीला कोणी उपाशी ठेवले नाही, कोणी तिच्या अंगावर हात टाकला नाही; जगाने नाव ठेवावे असे तेथे काहीच घडले नाही. फक्त दोन गोष्टी घडत. पंगतीत तिचे पान सर्वांत शेवटी वाढले जाई. आणि घरात काही हरवले, मग ती अंगठी असो की चार आणे असोत, की पहिली झडती तिच्या पेटीची होई. हरवलेली वस्तू दुसरीकडे सापडे. पण उसकटलेली पेटी कोणी आवरून देत नसे. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मातोश्री लग्न होऊन भडगावी आल्या त्या एकाही आखाजीला कोठे गेल्या नाहीत. "झोक्यानं मला घेरी येते," असे त्या सांगत, आणि आम्ही ते खरे मानीत असू.

1969 सालची गोष्ट असावी. आम्ही दहा वर्षांचे होतो. थोरले बंधू आणि आम्ही मिळून, त्या दुपारी निजल्या असता, त्यांच्या कनवटीची किल्ली हळूच काढली, पेटी उघडली आणि आतील फुटाणे फस्त केले. जागे होऊन त्यांनी उघडी पेटी पाहिली. त्या रागावल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या, हातपाय थरथर कापू लागले, आणि "मी काही घेतलं नाही, मी काही घेतलं नाही," एवढेच पुटपुटत राहिल्या. त्या वेळी त्यांचे वय 38 वर्षांचे होते, आणि त्या चार मुलांच्या आई होत्या. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेले नाही. वडिलांनी आम्हां दोघांस चोप दिला आणि "तिचा स्वभावच भित्रा" असे म्हणून विषय मिटवला. पुढे तो घरात कधी निघाला नाही.

सुश्रुताचार्यांनी शल्याचे लक्षण सांगताना, शरीराला आणि मनालाही पीडा देते ते शल्य, अशा अर्थाचे सांगितले आहे. तरुणपणी हे वाचले तेव्हा बाणाचे टोक, काटा, काच यांचा मनाशी संबंध काय, हे आम्हांस उमगले नव्हते. आज उमगते. काटा आत राहतो आणि वरची कातडी जुळून येते. पाहणाऱ्यास जखम बरी झाली असे दिसते. परंतु त्या जागेवर सहज जरी बोट पडले तरी माणूस कळवळतो, आणि पाहणारे म्हणतात, "एवढ्याशाने याला झाले तरी काय?" बालपणीच्या दुःखाचे असेच आहे. ते वयाबरोबर झिजून जाते अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते पुष्कळदा नुसते झाकले जाते.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी याच विषयावर केलेल्या मोठ्या पाहणीचा पहिला वृत्तांत 1998 साली प्रसिद्ध झाला. दोन टप्प्यांत मिळून 17,000 हून अधिक प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारण्यात आले. घरात मारहाण होत असे काय? पाणउतारा होत असे काय? लज्जास्पद अत्याचार झाला काय? खाण्यापिण्याची अथवा मायेची आबाळ झाली काय? आईला मारलेले पाहिले काय? घरात कोणी व्यसनी, मनाने आजारी, अथवा तुरुंगात गेलेले होते काय? आईबाप विभक्त झाले काय? असे एकंदर दहा प्रकार. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही माणसे दरिद्री अगर निराश्रित नव्हती; बहुतेक शिकलेली, नोकरीधंद्याची, सुस्थितीतील होती. तथापि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या वाट्यास यांतील निदान एक तरी प्रकार आलेला होता. ज्यांच्या वाट्यास चार वा अधिक आले, त्यांच्यात उदासीनतेचा विकार, दारूचे व्यसन, आत्मघाताचे प्रयत्न यांचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. इतकेच नव्हे, तर हृदयाचे आणि फुप्फुसांचे रोगही अधिक आढळले.

मनाचे दुःख शरीरात कसे उतरते, याचा उलगडाही शास्त्रज्ञ करतात. भय वाटले की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून काही द्रव्ये रक्तात येतात. छाती धडधडते, कान टवकारतात, झोप उडते. वाघ समोर आला तर हे सर्व उपकारकच होय. वाघ निघून जातो आणि शरीर पूर्वस्थितीवर येते. परंतु वाघ जर रोज संध्याकाळी घरीच येत असेल, तर त्या मुलाच्या शरीराला शांत कसे व्हावे याचा विसर पडू लागतो. वाढत्या वयाचा मेंदू मातीच्या ओल्या गाडग्यासारखा; त्या काळात उमटलेला ठसा सहसा पुसत नाही. मग असे मूल वर्गात पुस्तकाकडे पाहत असते, आणि त्याचे कान मात्र दाराशी असतात. मोठेपणी दार जोराने आपटले तरी ते दचकते, वरिष्ठ जरा मोठ्याने बोलले तरी त्याला घाम फुटतो, आणि पुष्कळदा त्याचे कारण त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

हा परदेशातील प्रकार, आपल्या सुसंस्कृत घरांस तो कसा लागू पडावा, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर आपल्याच भाषेतील एका श्रेष्ठ ग्रंथात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनाचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडानंतर फाशी झाली. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे मन असे काही हलले की, त्यांनी सोवळ्याओवळ्याचा पराकोटीचा ध्यास घेतला. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, इथवर मजल गेली. घरातील बायकामुलांना त्याचा किती जाच झाला, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहे. पण ते वाचताना अंगावर काटा येतो. बाहेरच्यांस ते कर्मठपण दिसले असेल. आत एक भ्यालेला माणूस होता, आणि त्याच्या भयाचे ओझे लहान मुले वाहत होती.

त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक यांचे बालपण तर याहून कष्टाचे. जन्म 1861 सालचा. वडील अतिशय तापट. त्या तापटपणाचा मार आईलाही बसे आणि मुलालाही. आई गेली तेव्हा नारायण अवघा अकरा-बारा वर्षांचा होता. तो घर सोडून निघाला आणि नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाने या पोरक्या मुलाला जवळ घेऊन संस्कृत शिकविले. पुढे टिळक मोठे कवी झाले. फुलामुलांचे कवी अशी त्यांची कीर्ती झाली. परंतु कोणास न सांगता एकाएकी घरातून निघून जाणे, क्षणात भडकणे आणि दुसऱ्या क्षणी पश्चात्तापाने विरघळणे, हेही जन्मभर त्यांच्याबरोबर राहिले. टिळकांचे धर्मांतर वगैरे गोष्टी येथे अप्रस्तुत आहेत. तसेच आम्ही वैद्य नव्हे; गेलेल्या माणसांची नाडी पाहण्याचा आम्हांस अधिकार नाही. एवढेच म्हणावयाचे की, ज्या मुलाला घरातून पळावे लागले, त्याच्या पायांना पळण्याची सवय लागली असल्यास नवल नाही; आणि ज्याला एका शास्त्रीबुवांनी जवळ केले, त्याच्या मनात मुलांविषयी एवढी माया उरली, हेही नवल नाही.

हे सर्व आज आम्ही शहाणपणाने लिहीत आहो. परंतु जेव्हा हे शहाणपण खरोखर हवे होते, तेव्हा ते आमच्यापाशी नव्हते. ती कबुली दिल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आम्ही 38 वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. 1994 साली गिरणाकाठच्या एका शाळेत सातवीचा वर्ग आमच्याकडे होता. वर्गात एक मुलगा रोज उशिरा येई, आला की पेंगे, आणि काही विचारले तर खाली मान घालून उभा राही. वह्या कोऱ्या. आम्ही त्याला आळशी ठरविले. पाच वर्षांपर्यंत लाड, पुढे दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मित्राप्रमाणे वागणूक, अशा आशयाचे जुने सुभाषित आम्हांस पाठ होते. आणि बहुतेक गुरुजींप्रमाणे त्याचा मधला भागच आम्हांस सोयीचा वाटे. एके दिवशी गणिताच्या तासाला तो झोपी गेला. आम्ही त्याला पुढे बोलावले, हातावर दोन छड्या दिल्या आणि म्हणालो, "तुझ्या घरी काही वळण आहे की नाही?" वर्ग खदखदा हसला. मुलगा रडला नाही. आम्ही न सांगता त्याने दुसरा हात पुढे केला. तो आम्हांस उद्धटपणा वाटला, आणि त्या हातावरही आम्ही दोन छड्या ओढल्या.

त्याची आई भाजी विकीत असे. पुढच्या रविवारी तो वांग्यांची पाटी घेऊन आमच्या घरी आला. मातोश्री ओट्यावर होत्या. त्या सुटे पैसे आणावयास आत गेल्या तेवढ्यात मुलगा खांबाला टेकून झोपी गेला. त्यांनी त्याला उठविले नाही. तासभर शेजारी बसून राहिल्या. जागा झाल्यावर त्याला पोळी-भाजी वाढली आणि एकच प्रश्न विचारला, "बाळ, रात्री कुठं निजतोस?" आजवर हे त्याला कोणी विचारले नव्हते. तो म्हणाला, "मी झोपी गऊ तं मायले कोन देखी?" आपण झोपलो तर आईकडे कोण पाहणार! बाप रात्री पिऊन येई आणि हाती येईल त्या वस्तूने आईला मारी. हा बारा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला पाठीशी घेऊन दाराच्या कडीशी बसून रात्र काढीत असे. मार चुकवावयाचा नसतो, हात पुढे केला की तो लवकर संपतो, हे तो घरी शिकला होता.

संध्याकाळी मातोश्रींनी हे आम्हांस सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू त्याची झडती घेतलीस. विचारलं मात्र नाहीस." झडती हा शब्द त्यांनी का वापरला, हे आम्हांस ठाऊक होते, आणि आम्हांस मान वर करवेना.

त्यानंतर जे जमले ते केले. मुलाला शाळेत आल्यावर घटकाभर निजू देऊ लागलो. संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसे, मातोश्रींपाशी जेवी. त्याच्या मामांस गाठून, आईने व मुलांनी काही महिने तिकडे राहावे अशी व्यवस्था लावली. बापाची दारू काही आमच्याने सुटली नाही. छडी त्याच दिवशी मोडून टाकली असे लिहिले तर वाचकांस बरे वाटेल. परंतु ते खरे नाही. पुढे पाच-सहा वर्षे ती टेबलाच्या खणात होती आणि दोन-चार वेळा बाहेरही आली. सवय एका पश्चात्तापाने जात नाही. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. तो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. तेव्हा काही सहकारी कुरकुरले की, आता मुले डोक्यावर बसतील. आम्ही गप्प राहिलो. कारण दुसरा हात पुढे करणारा तो मुलगा आमच्या डोळ्यांसमोर होता.

आणि ही एका शाळेची गोष्ट नव्हे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र धरून 13 राज्यांतील 12,447 मुलांना त्यात प्रश्न विचारले होते. तीनपैकी दोन मुलांनी मारहाण सोसली होती, आणि घरात मारणारे बहुधा आईबापच होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी शेकडा 65 मुलांनी शिक्षकांचा मार खाल्ला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलींप्रमाणे मुलगेही होते. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातील होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

एकत्र कुटुंबाचा आम्हांस अभिमान आहे. आम्ही त्यातच वाढलो आणि अद्याप त्यातच आहो. मूल रडले तर उचलावयास दहा हात असतात, हे खरे. परंतु दहा जण असले म्हणजे प्रत्येकास वाटते की, दुसऱ्याने पाहिले असेल. पंचवीस पानांच्या पंगतीत शेवटच्या पानाकडे कोणाचे लक्ष जात नाही. शिवाय घराण्याची अब्रू हा आपला मोठा शब्द आहे. काकांविषयी, मामांविषयी, घरी येणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांविषयी मुलाने काही सांगू म्हटले तर, "असं बोलू नये हो, ते मोठे आहेत," असे आपण म्हणतो. मूल गप्प होते आणि घरात शांतता नांदते. ती शांतता कोणाच्या जिवावर नांदते, याचा विचार वडीलधाऱ्या मंडळींनी अवश्य करावा. 2012 च्या बालसंरक्षण कायद्याने, ज्याला लोक पॉक्सो म्हणतात, अठरा वर्षांखालील मुलामुलींवर झालेला असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांस न कळविणे हाच गुन्हा ठरविला आहे. अब्रूपेक्षा मूल मोठे, हे कायद्याला सांगावे लागले. वस्तुतः ते आपणच सांगावयास हवे होते.

एवढे वाचून कोणी निराश होऊ नये. बालपणी सोसलेले प्रत्येक मूल पुढे मोडतेच असे मुळीच नाही. अमेरिकेतील त्या पाहणीचा आकडा माणसांच्या मोठ्या समूहाविषयी बोलतो. एका माणसाचे भविष्य वर्तविण्यास तो कामाचा नाही. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा एमी वर्नर या विदुषींनी आपल्या सहकाऱ्यांसह कित्येक दशके घेतला. सुमारे एक-तृतीयांश मुले दारिद्र्य, कलह, व्यसन, आईबापांचे आजार अशा अनेक आपत्तींत वाढत होती. तरीही त्यांपैकी एक-तृतीयांश मुले पुढे कर्तबगार, प्रेमळ आणि समाधानी निघाली. त्या मुलांत आढळलेल्या समान गोष्टींपैकी एक मोठी गोष्ट ही की, त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचे शिक्षक. दहा हातांची गरज नव्हती. एक हात पुरे झाला, मात्र तो रोजचा होता.

असा हात कसा असतो, हे आमच्या खानदेशाने प्रत्यक्ष पाहिले आहे. भडगावापासून फार दूर नाही अशा अमळनेरच्या शाळेत 1924 साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक आले. छात्रालय त्यांच्याकडे सोपविण्यात आले. मुलांची अंथरुणे पसरलेली दिसली की ते बोलत नसत. स्वतः आवरून ठेवीत. मळके कपडे दिसले तर धुऊन टाकीत. आजारी मुलापाशी रात्र रात्र बसत. 1930 साली ते स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले आणि 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्यांना स्वतःला ऐन तरुणपणी, दूरगावी शिकत असताना आईचा वियोग झाला होता. त्या दुःखाची त्यांनी माया केली आणि ती परक्यांच्या मुलांना वाटली. त्याच साने गुरुजींनी 11 जून 1950 रोजी आपले जीवन स्वतः संपविले. त्याचे एखादे कारण शोधून काढणे धाडसाचे होईल. परंतु दुसऱ्यांची आसवे पुसणाऱ्या माणसालाही कोणीतरी "आपण कसे आहात?" असे विचारावे लागते, हा धडा त्यातून घ्यावयास हरकत नाही.

आता घरोघरच्या मंडळींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मूल एकाएकी अबोल झाले, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली, कारणावाचून पोट दुखू लागले, अभ्यासात मागे पडले, एखाद्या माणसाजवळ जावयास कचरू लागले, तर त्याला हट्टी अथवा आळशी ठरविण्याआधी थांबावे. खोडकर मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते. कधीच काही न मागणाऱ्या, फार शहाण्या मुलाकडे मुद्दाम पाहावे. प्रश्न लहान विचारावा: झोप लागते काय, जेवतोस कोठे, शाळेच्या वाटेवर कोण भेटते. उत्तर आले नाही तर पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारावे. ते बोलू लागले तर मध्ये बोलू नये, त्यावर विश्वास ठेवावा, आणि "विसरून जा" असे सांगू नये. विसरता आले असते तर ते विसरलेच असते.

मोठ्यांनीही लाजू नये. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे शल्यही जाणत्या हाताने काढता येते. अशा जुन्या आघातांवर मानसोपचारात खास पद्धती आहेत. विश्वासाच्या जाणकारापाशी, झेपेल तेवढेच आणि टप्प्याटप्प्याने ते उकलावयाचे असते. आवश्यक तेथे औषधही असते. मधुमेहासाठी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही, तसा यातही नाही. दूरध्वनीवर 14416 हा क्रमांक फिरविला तर 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा सल्ला फुकट मिळतो. ही सेवा 2022 साली सुरू झाली. संकटातील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे आमच्या घरी देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहेत, आणि ते कशाचे आहेत हे नातवंडांस ठाऊक आहे.

शेवटी त्या मुलाविषयी. 2022 च्या दिवाळीत तो आमच्याकडे आला. आता चाळिशीचा, वीजमंडळात वायरमन. नवे घर बांधले, त्याच्या वास्तुशांतीचे आमंत्रण घेऊन आला होता. चहा झाल्यावर आम्ही धीर करून म्हणालो, "अरे, त्या वर्षी मी तुला मारलं, ते माझं चुकलं." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, छडीचं काही नाही. घरी त्याहून जास्त होतं. पण तुम्ही विचारलंत ना, घरी वळण आहे की नाही म्हणून, आणि सगळी पोरं हसली, ते अजून आठवतं. रात्री दोनला मला अजूनही जाग येते. उठून कडी पाहून येतो, मग झोपतो." त्याने आपल्या मुलीवर कधी हात उगारलेला नाही, हेही त्याने सांगितले.

क्षमा केली, असे तो म्हणाला नाही. आम्हीही ते शब्द मागितले नाहीत.

निघताना त्याची नजर कोपऱ्यातील पत्र्याच्या पेटीकडे गेली. "आजींची ना?" त्याने विचारले. "मी घरी जायला निघालो की त्या किल्ली काढायच्या, पेटी उघडायच्या, आणि माझ्या मुठीत गूळ-फुटाणे द्यायच्या. म्हणायच्या, रात्री जागायचं असतं तुला, जवळ असू दे."

एवढी वर्षे एका घरात राहून हे आम्हांस ठाऊक नव्हते. जी पेटी लहानपणी परक्यांनी उघडली, पुढे पोटच्या मुलांनी चेष्टेने उघडली, ती त्यांनी आपल्या हाताने, आपण होऊन, एका परक्या मुलासाठी उघडली होती.

वाचकहो, आपल्या घरातही अशी एखादी पेटी असेल. एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाईंची, एखाद्या अबोल पुतण्याची. तिची झडती घेऊ नये, तिला हसू नये. शेजारी बसावे, आणि रात्री झोप लागते काय, एवढे विचारावे.